टोकियोत आयडॉल आणि रस्त्यावरचे कलाकार पाहताना

आयडॉल म्हणजे गाणारे-नाचणारे तरुण पॉप कलाकार. त्यांच्या छोट्या गटांचे कार्यक्रम 'लाइव्ह हाउस'मध्ये, म्हणजे गाण्याच्या छोट्या सभागृहात होतात. ही जागा बहुतेक वेळा तळघरात असते. एका संध्याकाळी पाच-सहा गट आळीपाळीनं गातात, याला 'ताईबान' म्हणतात.

दारात तिकीट दाखवलं की 'ओमेआते वा?' असं विचारतात, म्हणजे कोणासाठी आलात? इथे नुसती मान हलवून आत शिरू नका. बऱ्याच ठिकाणी याच उत्तराच्या नोंदीवरून कोणत्या गटाला पैशांचा किती वाटा मिळणार ते ठरतं. जपानी बोलता येत नसेल तर गटाचं नाव जपानीत फोनवर लिहून दाखवा. तिथेच पेयाचे साधारण 600 येन वेगळे घेतात. काही प्यायचं नसलं तरी ते द्यावेच लागतात, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्येच टाकून या. फोटो काढायची मुभा प्रत्येक गटाची वेगळी असते. तशी सूचना दिसली नाही तर फोन खिशातच बरा.

गटांची खरी कमाई कार्यक्रम संपल्यावर होते, ती 'चेकी'तून. चेकी म्हणजे आवडत्या सदस्याबरोबर काढलेला झटपट फोटो, साधारण 1000 ते 2000 येनला. आधी विक्रीच्या टेबलावर कुपन घ्यायचं, मग रांगेत शेवटी उभं राहायचं. शेवटच्या माणसाच्या हातात 'साईकोबी' (रांगेचा शेवट) लिहिलेली पाटी असते. ती आपल्या हातात घ्यायची आणि मागून कोणी आलं की त्याच्याकडे द्यायची. बोलायला जेमतेम मिनिटभर मिळतं, त्यामुळे पोझ आधीच ठरवून जा. खांद्यावर हात टाकणं चालत नाही. फोटो हलवल्यानं लवकर उमटत नाही, उलट डाग पडू शकतात.

रस्त्यावरची गोष्ट वेगळी. शिंजुकू स्टेशनच्या दक्षिण दाराबाहेर गाणारे बरेचसे विनापरवाना असतात. पोलिस आले की गिटार पेटीत जाते. ऐकताना अंधांसाठीच्या पिवळ्या खडबडीत पट्ट्या मोकळ्या सोडा, कारण गर्दीनं वाट अडली की तक्रार होते.

उएनो बागेत मात्र टोकियो महानगर शासनाच्या 'हेवन आर्टिस्ट' योजनेतले परवानाधारक कसरतपटू आणि वादक भेटतात. ते खेळाच्या शेवटी टोपी ठेवतात. येनची सर्वांत छोटी नोट 1000ची आणि सर्वांत मोठं नाणं 500चं, तेव्हा दोन्ही खिशात असू द्या. नाणी लांबून फेकू नका, पुढे जाऊन टोपीत ठेवा.