नवा कॅमशाफ्ट बसवताय? सोबत काय बदलायचं आणि काय ठेवायचं

इंजिनाच्या हेडमधून (वरच्या भागातून) टकटक येतेय. मिस्त्रीने टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधला भाग) सेट करून दिले, आठ दिवसांत आवाज परत हजर. त्यात गाडी चढाला दम टाकतेय. असं असेल तर टॅपेट कव्हर उघडून कॅमचे लोब, म्हणजे कॅमशाफ्टवरचे व्हॉल्व्ह उघडणारे अंडाकृती उंचवटे, बघायची वेळ झाली. धड लोब एकसारखा चकचकीत असतो. गेलेल्या लोबच्या नाकावर (टोकावर) करडा, खरबरीत पट्टा दिसतो किंवा बारीक खड्डे पडलेले असतात, त्यावरून नख फिरवलं की अडकतं. मायक्रोमीटर असेल तर लोबची उंची मोजून त्याच कॅमवरच्या दुसऱ्या लोबशी ताडून बघा. इनलेटचा लोब इनलेटशी, एक्झॉस्टचा एक्झॉस्टशी. ०.१ मि.मी.चा फरकही दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण तिथून पुढे झीज झपाट्याने वाढते.

ठाण्यात हे थोडं लवकर होतं, कारण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर फिरत नाहीत, इंजिनाचे तास मात्र भरतात. आयडलिंगला ऑइलचं प्रेशर सगळ्यात कमी असतं, आणि लोबच्या नाकावर स्प्रिंगचा दाब त्याच वेळी जास्तीत जास्त बसतो. (इंजिन जोरात फिरतं तेव्हा व्हॉल्व्हच्या स्वतःच्या झोकामुळे नाकावरचा भार उलट हलका होतो.) म्हणून अशा गाडीचं ऑइल नुसतं किलोमीटर मोजून बदलू नये.

आधी जुना कॅम का गेला ते शोधा

हे न करता नवा कॅम बसवला तर तोही त्याच रस्त्याने जातो. सगळे लोब सारखेच घासले असतील तर दोष ऑइलचा: कमी, जुनं, चुकीच्या ग्रेडचं, किंवा पंपाचं प्रेशर पडलेलं. एकच लोब गेला असेल तर त्या जागेचा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा), त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि तिथलं ऑइलचं भोक तपासा. रॉकर शाफ्टमधली भोकं गाळाने बुजतात. बारीक तार घालून, मग हवा मारून ती मोकळी करा आणि पलीकडून हवा येतेय का ते बोट लावून बघा.

दुसरं म्हणजे ऑइल चेंबर खाली उतरवाच. जुन्या कॅमचं घासलेलं लोखंड कुठेतरी गेलेलं असतं, ते चेंबरच्या तळाशी आणि पंपाच्या जाळीत सापडतं. तळातल्या गाळातून चुंबक फिरवला की कळतं. जाळी डिझेलने धुवा, तरी मोकळी झाली नाही तर नवी घाला. मजुरी वाचवायला बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

लोबवर जे घासतं ते नवंच

कॅम नवा, टॅपेट जुने असं करू नका. ॲम्बॅसॅडरसारख्या पुशरॉडच्या इंजिनात (जिथे कॅम खाली असतो आणि लांब दांड्या वरच्या रॉकरला ढकलतात) तर अजिबातच नाही. तिथे टॅपेटचं तोंड डोळ्याला सपाट दिसतं, पण ते किंचित फुगीर असतं, आणि लोबला किंचित उतार असतो. त्यामुळे टॅपेट वरखाली होताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज एका जागी होत नाही. दोन नवे टॅपेट तोंडाला तोंड लावून धरा, ते डोलतात. जुने तसे धरले तर घट्ट बसतात, कधी मध्ये खळगाही दिसतो. असा जुना टॅपेट नव्या लोबवर फिरत नाही, नुसता रेटतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात लोब गोल करून टाकतो. जुना कॅम तसाच ठेवून टॅपेट परत वापरायचे असतील तर प्रत्येक टॅपेट आपापल्याच लोबवर गेला पाहिजे. म्हणून काढताना पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून त्यात खोचून ठेवा. पुशरॉड काचेवर लोळवा. डुगडुगला की वाकडा, टाकून द्या. या इंजिनात कॅमच्या बुशाही तपासाव्या लागतात. त्या ठोकून बसवणं आणि रीम करणं हे लेथवाल्याचं काम, घरी करू नये.

मारुती ८०० सारख्या हेडमध्ये कॅम असलेल्या इंजिनात टॅपेटच्या जागी रॉकरचा पॅड असतो. पॅडवर खाच किंवा पायरी दिसली की रॉकर बाद. ग्राइंडरवर घासून 'साफ' करून देणारे भेटतील. त्याने वरचा कडक थर निघून जातो, ऐकू नका. बादलीसारखे टॅपेट असतील तर नव्या कॅमबरोबर गॅप (लोब आणि टॅपेटमधली फट) नव्याने मोजून शिम (पातळ चकती) किंवा योग्य जाडीचा टॅपेट निवडावा लागतो, म्हणून हा सुटा भाग आधी न घेता गॅप मोजल्यावर घ्या.

रोलरवाले फॉलोअर मात्र सरसकट बदलायची गरज नाही. रोलर बोटाने फिरवा. गुळगुळीत फिरला, खेळ नसला आणि वर खड्डे नसले तर परत घाला. हायड्रॉलिक टॅपेट दाबल्यावर स्पंजसारखे लागत असतील तर बदला.

बाइकमध्ये कॅम बहुधा बॉल बेअरिंगवर फिरतो. कॅम काढलाच आहे तर दोन्ही बेअरिंग, दोन्ही रॉकर आणि रॉकरच्या पिना एकदमच बदला.

चेन, बेल्ट आणि त्यांचे सोबती

चेन असेल तर चेन, दोन्ही स्प्रॉकेट, टेन्शनर आणि गाईड हा एकच सेट समजा. ताणलेली चेन नव्या स्प्रॉकेटचे दात खाते, आणि नवी चेन जुन्या आकडेबाज दातांवर लवकर ताणते. बेल्ट असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण त्याच्यासाठी पुन्हा एवढंच सगळं उघडावं लागतं. कॅमचं ऑइल सील न विसरता नवं घाला. ते गळलं की ऑइल बेल्टवर येतं आणि बेल्टचं रबर फुगून दात निसटतात.

त्याशिवाय टॅपेट कव्हरचं पॅकिंग, स्पार्क प्लगच्या नळ्यांच्या रिंगा, टायमिंग कव्हरचं पॅकिंग, कॅम सेन्सरची ओ-रिंग, ऑइल आणि फिल्टर. एकदाच वापरायचे बोल्ट कुठले ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेवढे नवे घ्या. व्हीव्हीटीच्या (चालताना व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या) गाडीत ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची छोटी जाळी काढून साफ करा.

व्हॉल्व्ह स्प्रिंगवर उगाच खर्च करू नका. कॅम कंपनीच्याच मापाचा असेल आणि स्प्रिंगची मोकळी लांबी मापात असेल तर जुन्या चालतात. जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम घालत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे स्प्रिंग पूर्ण दाबली जाताना वेटोळी एकमेकांवर बसायच्या आधी निदान १.५ मि.मी. जागा उरली पाहिजे, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही हेही तपासावं लागतं. ते काम अनुभवी हातातच द्या.

बसवताना

नव्या कॅमवर साठवणुकीचं ऑइल असतं. ते पेट्रोलने पुसा, आणि लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, जर्नलवर (कॅम ज्यावर टेकून फिरतो त्या गोल भागांवर) इंजिन ऑइल लावा. पावसाळ्यात उघडा कॅम रात्रभर पार्किंगमध्ये ठेवलात तर सकाळी गंजाचे ठिपके दिसतील. बसवायच्या वेळीच प्लॅस्टिक फोडा.

हेडमध्ये कॅम ज्यात बसतो त्या जागा बोटाने चाचपा. खोल चरे असतील तर हेडच लेथवाल्याकडे न्यावं लागेल किंवा बदलावं लागेल, नुसता कॅम घालून भागणार नाही. कॅमला वरून धरणाऱ्या कॅप प्रत्येक आपल्या नंबरला, बाण मॅन्युअलप्रमाणे. त्या हेडबरोबरच एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल केली की कॅम जाम.

कॅपचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत आवळा. एक बाजू पूर्ण घट्ट आणि दुसरी मोकळी ठेवलीत तर स्प्रिंगच्या दाबाने कॅम वाकतो, कधी तुटतोही. या ६ मि.मी.च्या बोल्टांचा टॉर्क बहुतेक गाड्यांत १० ते १२ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. व्हीलनटचा मोठा टॉर्क रेंच इतक्या खाली धड दाखवत नाही, ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे मात्र नक्की उपटतो. लहान रेंच शेजाऱ्याकडून आणा.

टायमिंगचे मार्क जुळवून झाल्यावर प्लग काढून, सेल्फ न मारता, क्रँक पान्याने हाताने दोन फेरे फिरवा. दोन फेऱ्यांना कॅमचा एक फेरा होतो. कुठेही अडकलं तर जोर लावू नका, उलट फिरवून मार्क पुन्हा तपासा. ज्या इंजिनात दात चुकल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो, तिथे सेल्फच्या एका झटक्यात व्हॉल्व्ह वाकतात. मग थंड इंजिनावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट गॅप घ्या. लहान बाइकला तो साधारण ०.०५ ते ०.१० मि.मी. असतो, कारला त्याहून जास्त. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा.

पहिलं स्टार्ट

ऑइल भरून, इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, पाच-पाच सेकंदांचे दोन-तीन सेल्फ मारा म्हणजे ऑइल वर चढतं. सपाट टॅपेट किंवा पॅडच्या रॉकरचं इंजिन सुरू झाल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा आणि २० ते ३० मिनिटं तसंच फिरू द्या, वेग थोडा वरखाली करत. आयडलवर सोडायचं नाही. तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या. रोलरच्या इंजिनाला हे लागत नाही.

हे काम सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका. अर्ध्या तासात तिथे कार्बन मोनॉक्साइड जीवघेण्या पातळीला साचू शकतो. गॅरेजच्या अंगणात किंवा उघड्यावर करा. पहिली चक्करही पहाटे, मोकळ्या रस्त्यावर. पाम बीच मार्ग चालेल, संध्याकाळचं माजिवडा नाही.

जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल घाला. जस्त आणि फॉस्फरस ऑइलात एकाच झीजरोधक रसायनातून येतात, आणि एपीआय एसएम (डब्यावर छापलेली ऑइलची श्रेणी) पासूनच्या पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑइलांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, ती अशा कॅमला अपुरी पडते. बाइकला मात्र ओल्या क्लचमुळे जॅसो एमए छापाचंच ऑइल हवं.

हे पहिलं ऑइल आणि फिल्टर या अर्ध्या तासानंतर लगेच बदला, मग पुन्हा १००० किलोमीटरला. काढलेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. गटारात गेलेलं पावसात खाडीत उतरतं. फिल्टर कापून त्याची घडी उलगडा आणि उन्हात धरा. बोटाला जाणवणार नाही अशी बारीक चमक असेल तर ठीक. चिमटीत येतील असे कण असतील तर गाडी चालवू नका, टॅपेट कव्हर परत उघडा.