लिनक्सवर मेसेंजर निवडताय? या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात ओळखीतल्या कुणी लिनक्स टाकलं की दोन दिवसांत मला फोन ठरलेला. "दादा, चॅटसाठी बेस्ट अ‍ॅप कोणतं?" मी उलट विचारतो, तुझी माणसं कुठे आहेत? आई व्हॉट्सअ‍ॅपवर, ऑफिस टेलिग्रामवर, आणि हा पठ्ठ्या व्हिडिओ बघून गाजिम टाकून बसलेला. गाजिम उत्तमच आहे, पण ते एक्सएमपीपी नावाच्या वेगळ्याच चॅट नेटवर्कवर चालतं. आईचं "जेवलास का" त्यात यायचं नाही.

दुसरा हट्ट, "एकाच खिडकीत सगळं हवं". मीही पिजिन या अनेक खाती एकत्र चालवणाऱ्या अ‍ॅपवर याहू आणि एआयएम (एओएलचं जुनं मेसेंजर) एकत्र चालवलंय. एआयएम २०१७ साली गेलं, याहू मेसेंजर २०१८ साली. आता प्लगइन शोधत रात्री जागवायची माझी तरी तयारी नाही. शिवाय पिजिन २ मध्ये 'पासवर्ड लक्षात ठेव'वर टिक केली, तर तो होम फोल्डरमधल्या फाइलीत साध्या अक्षरांत, कुलूप न लावता पडून राहतो. मी टिक करत नाही, रोज टाइप करतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपला मी एलिमेंट (मॅट्रिक्स या चॅट नेटवर्कचं अ‍ॅप) बसवून दिलं. पहिल्यांदा लॉगिन केल्यावर रिकव्हरी की, म्हणजे जुने मेसेज परत उघडायला लागणारा लांबलचक कोड, दिसली. "कागदावर उतरवून घ्या," म्हणालो. तिथला मुलगा म्हणाला, "करतो नंतर." दोन महिन्यांनी मशीन स्लो वाटलं म्हणून त्याने लॉगआउट करून लिनक्स मिंट नव्याने टाकलं. सोमवारी सकाळी फोन. मी पोचलो तर ग्रुप जागेवर, नावं जागेवर, आणि प्रत्येक मेसेजच्या जागी 'डिक्रिप्ट करता येत नाही'. पासवर्ड बरोबर होता हो! पण मॅट्रिक्समध्ये पासवर्डने तुम्ही फक्त आत शिरता. जुने मेसेज उघडणाऱ्या किल्ल्या त्या मशीनवर होत्या, त्यांचा बॅकअप उघडणारी रिकव्हरी की कुणी लिहून घेतली नव्हती आणि लॉगिन असलेलं दुसरं डिव्हाइसही नव्हतं. सर्व्हरवाल्यालाही ते वाचता येत नाहीत, एन्क्रिप्शन त्यासाठीच असतं. शेवटी रबाळ्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. त्याच्याकडे तेच चॅट शाबूत होतं. तो फ्लँजची मापं वाचत गेला आणि हा मुलगा चलनाच्या पाठीवर लिहीत गेला, दीड तास. मीच समोर बसून की लिहून घ्यायला हवी होती, हेही खरं. आता मी कागद हातात आल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही. माझी स्वतःची की गॅसच्या पुस्तकात असते.

'लिनक्ससाठी व्हॉट्सअ‍ॅप' नावाने स्टोअरमध्ये जे दिसतं, ते बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप वेबलाच चढवलेलं कव्हर असतं, कुणा तिसऱ्याच माणसाने बनवलेलं. सरळ ब्राउझरमध्ये उघडा. मात्र फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप १४ दिवस उघडलं नाही तर इथलंही लॉगआउट होतं, गावाला जाताना ध्यानात ठेवा.

टेलिग्रामच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये सीक्रेट चॅट नाहीत. शोधू नका.

खिडकी बंद केली आणि अ‍ॅप गायब झालं? साध्या नोम (GNOME) डेस्कटॉपवर ट्रे आयकॉन, म्हणजे कोपऱ्यातलं अ‍ॅपचं छोटं चिन्ह, मुळात दिसत नाही, अ‍ॅपइंडिकेटर एक्स्टेंशन टाका. पुन्हा इन्स्टॉल करत सुटू नका.

आणि मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर अ‍ॅपला शिव्या देण्याआधी लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट टाका, अ‍ॅप बंद करून परत उघडा.