सोयाबीनला सहा हजार की सात हजार? उमेदवारांच्या भूमिका ताडून कशा पाहाव्यात

2024 च्या विधानसभा निवडणुकीत विदर्भातल्या सभांमध्ये सोयाबीनच्या भावाची जणू बोलीच लागली होती. एका बाजूने क्विंटलला 6,000, दुसऱ्या बाजूने 7,000. त्या हंगामाचा हमीभाव होता 4,892. सहापेक्षा सात मोठे, एवढं म्हणून मोकळं होणं म्हणजे तुलना नाही. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करतं, आमदार बसणार राज्याच्या विधानसभेत. म्हणजे वरचे 1,108 किंवा 2,108 रुपये राज्याने स्वतःच्या तिजोरीतून टाकावे लागतात. मग विचारायचं ते असं: एकरी किती क्विंटलपर्यंत? बाजार समितीत अडत्याकडे टाकलेल्या मालाला मिळणार, की फक्त खरेदी केंद्रावर मोजलेल्या? ओलावा 12 टक्क्यांच्या वर भरला तर? आणि पैसे कोणत्या महिन्यात? या उत्तरांनंतर कधी कधी सहावालाच जड भरतो.

हीच रीत बाकी मुद्द्यांना लावायची. एक फुलस्केप कागद आडवा धरा. डावीकडे मुद्दे, वर उमेदवारांची नावं. नावं अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावरच लिहा, नाहीतर निम्मी खोडावी लागतात. 2024 मध्ये ती मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि प्रचार 18 तारखेच्या संध्याकाळी थांबला. हातात दोन आठवडे, तेही ऐन कापूस वेचणीत. म्हणून मुद्दे पाचच घ्या. पंधरा मुद्द्यांचे कागद अर्धवट राहतात. मतदान यंत्रावर वीस नावं असली तरी रकाने तीन-चारच पाडा. कोणाचे, ते तुम्ही ठरवा, पण बंडखोर अपक्ष जोरात असेल तर त्याला गाळू नका.

उमेदवारांच्या आधी आणखी एक रकाना पाडा: अधिकार कोणाचा. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक हाच विसरतात. कापसाचा हमीभाव आणि आयात शुल्क केंद्राकडे. सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदीही केंद्राच्याच अखत्यारीत. कर्जमाफी राज्य देऊ शकतं. विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, सवलतीचा बोजा राज्य सरकार उचलतं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचं त्रांगडं आहे: 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा केंद्राचा, नुकसानभरपाईचे दर राज्याचे. वेगळ्या विदर्भासाठी राज्यघटनेच्या कलम 3 नुसार संसदेत कायदा लागतो. त्यामुळे विधानसभेचा उमेदवार ‘विदर्भ मिळवून देतो’ म्हणाला, तर त्याच्या रकान्यात ‘ठरावाला पाठिंबा देईल का?’ एवढंच लिहा. त्याच्या हातात तेवढंच आहे.

आता चौकोन भरायचे. प्रत्येकात चार गोष्टी: नेमकं काय, किती, कधीपर्यंत, पैसा कुठून. जाहीरनाम्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, आपल्या शब्दांत नको. आपल्या शब्दांत लिहिताना आवडत्या उमेदवाराचं वाक्य नकळत सुधारलं जातं. पक्षाचं म्हणणं निळ्या शाईने, उमेदवार स्वतः बोलला ते काळ्या शाईने, तारीख आणि गावासकट. दोन्हींत फरक निघाला तर तो खोडू नका, कागदातली कामाची गोष्ट तीच असते. पैशाबद्दल उगाच संकोच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेतच घातलंय की, आश्वासनामागचा विचार आणि पैसा उभा करायचा मार्ग जाहीरनाम्यात ढोबळमानाने दिसायला हवा.

कर्जमाफीचा चौकोन भरताना विशेष जपा. 2017 च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची होती, 2019 च्या योजनेत दोन लाखांची. पण खरी कात्री तारखेत असते. 2019 ची माफी 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 दरम्यान उचललेल्या आणि 30 सप्टेंबर 2019 ला थकीत असलेल्या पीककर्जाला होती. तारीख चुकली की दोन लाख काय अन् दहा लाख काय, सारखेच. म्हणून ‘सरसकट’ हा शब्द आला की विचारा: कोणत्या तारखेला थकीत? नियमित भरणाऱ्याला काय? मध्यम मुदतीचं कर्ज, म्हणजे विहिरीचं, पाइपलाइनचं, धरणार का?

आकडे एका मापात आणल्याशिवाय शेजारी ठेवू नका. घोषणा हेक्टरी असते, आपण हिशेब एकरी करतो. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी राज्याने हेक्टरी 5,000 रुपये दिले, कमाल दोन हेक्टर. म्हणजे एकरी साधारण 2,000, आणि दहा एकरवाल्यालाही दहा हजारच.

जुनंच नव्याने विकणाराही ओळखता आला पाहिजे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून मोफत विजेची योजना आहे. तेव्हा ‘मोफत वीज’ एवढ्यावर गुण देऊ नका. दिवसा किती तास, आणि रोहित्र जळाल्यावर किती दिवसांत बदलून मिळणार, ते विचारा. सिंचनाचंही तसंच. गोसीखुर्द धरण प्रकल्पाचं भूमिपूजन 1988 चं, मूळ किंमत 372 कोटी. नंतर ती हजारो कोटींत गेली. ‘प्रकल्प मार्गी लावू’ हे वाक्य तेव्हापासून फिरतंय. कोणता कालवा, कोणती वितरिका, आपल्या वावराच्या धुऱ्यापर्यंत पाणी कोणत्या हंगामात, असं विचारलं की गाडी अडते.

उमेदवार गावात आला की प्रश्न एकच विचारा, एकट्याने नाही, पारावर चार जणांसमोर. ‘शेतकऱ्यांसाठी काय करणार?’ असं विचारलं तर भाषण मिळतं. असं विचारा: ‘भाऊ, रानडुकरांनी तूर खाल्ली तर भरपाई किती दिवसांत, आणि वनखात्याचा पंचनामा वेळेत झाला नाही तर तुम्ही काय करणार?’ उत्तरात ‘पाठपुरावा’, ‘सकारात्मक’, ‘प्रयत्नशील’ यांपैकी काही आलं की चौकोनात सरळ ‘सांगितलं नाही’ लिहा. अपक्षाचा जाहीरनामा नसेल तर तिथेही तेच. रिकामा चौकोन अंदाजाने भरायचा नाही.

आधी आमदार राहिलेल्याचे विधानसभेतले प्रश्न विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहा. पाच वर्षांत ज्या विषयावर तोंड उघडलं नाही, तो आज जिव्हाळ्याचा झाला असेल तर तसं लिहा. नव्या उमेदवाराला हा निकष लावणं अन्याय होईल. त्याचं जिल्हा परिषदेतलं, बाजार समितीतलं किंवा सोसायटीतलं काम बघा.

शेवटी नमुना 26 चं, म्हणजे उमेदवारी अर्जासोबत द्यायचं, शपथपत्र. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. लोक मालमत्ता पाहून हळहळतात आणि ठेवून देतात. पुढे वाचा. उमेदवार आणि त्याच्या कुटुंबाने सरकारशी केलेल्या कंत्राटांची माहितीही त्यात द्यावी लागते. रस्ते आणि कालव्यांवर सर्वांत ठासून बोलणाऱ्याच्या शपथपत्रात तिथे काय लिहिलंय, ते त्याच्या चौकोनाशेजारी नोंदवा.

मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत प्रचार बंद असतो, जाहीरनामाही काढता येत नाही. त्या रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमक्याने माघार घेतली’, ‘तमक्याने कापसाला 12,000 कबूल केले’ असली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आली, तर ती कागदावर घेऊ नका. खरंखोटं करायला वेळ उरलेला नसतो, आणि पाठवणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.