ग्राइप हा इंग्लिश शब्द नेमका कुठे वापरायचा

ग्राइप वॉटर माहीत नाही असा माणूस आपल्याकडे मिळणं कठीण, काही घरांत तर त्याला बिनधास्त ग्रेप वॉटर म्हणतात (द्राक्षांचा काही संबंध नाही हो), पण तोच ग्राइप इंग्लिशमध्ये कुरकुर करणं या अर्थानेही सर्रास चालतो.

आधी मूळ बघा, मग वापर आपोआप डोक्यात बसतो. जुन्या इंग्लिशमध्ये ग्रीपान म्हणजे घट्ट धरणं, आपण बॅटची ग्रिप म्हणतो ती त्याच खानदानातली. पुढे पोटात कळ आली की आतडी कोणीतरी मुठीत धरून पिळतंय असं वाटतं ना, त्याला ग्राइप्स म्हणायला लागले, म्हणजे आपला मुरडा. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने तान्ह्या बाळांसाठी औषध काढलं त्याच्या नावात हाच मुरडा आहे, आणि त्यात शेपाचं तेल, म्हणजे आपल्याकडे बाळंतशेपा आधीपासून होत्याच की! कुरकुरीचा अर्थ बराच नंतरचा, साधारण १९३० च्या सुमारास अमेरिकन बोलीत रुळलेला, बहुधा पोटदुखीवरूनच आला असावा.

आता वापर. उच्चार पाइपसारखा, ग्रिप नाही. क्रियापद म्हणून वापरलंत तर पुढे अबाउट लावा, 'ही इज ऑलवेज ग्राइपिंग अबाउट द फूड'. नाम म्हणून सगळ्यात जास्त दिसतो तो रिव्ह्यूमध्ये, फोन झकास आहे पण 'माय ओन्ली ग्राइप इज द बॅटरी', म्हणजे बाकी सगळं ठीक, एवढंच खटकलं.

वजन मात्र सांभाळा. बँकेने खात्यातून चुकीचे पैसे कापले तर अर्जात सरळ कम्प्लेंटच लिहा, ग्राइप लिहिलंत तर तुम्हालाच ते किरकोळ वाटतंय असा अर्थ निघतो. आणि एक गोष्ट डिक्शनरीत पटकन लक्षात येत नाही, स्वतःच्या तक्रारीला ग्राइप म्हटलं की तो नम्रपणा वाटतो पण दुसऱ्याच्या तक्रारीला म्हटलं की टोमणा, त्यामुळे ऑफिसात कोणी खरंच वैतागून बोलत असेल तर त्याला 'स्टॉप ग्राइपिंग' म्हणायच्या भानगडीत पडू नका, बॉसला तर नकोच.

ब्रिटिश मंडळी अशा वेळी व्हिंज जास्त म्हणतात, त्यात रडगाण्याची छटा आहे, त्यामुळे तो अजूनच झोंबतो.