यॉटचं इंजिन सुरू केलं की आधी मागे वाकून बघा

शिडाच्या यॉटचं डिझेल इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं आणि तेच पाणी एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. म्हणून इंजिन सुरू झालं की नांगर उचलण्याआधी मागे वाकून बघा. पाणी थांबून थांबून, पिचकारीसारखं पडायला हवं. नुसती वाफ येत असेल किंवा आवाज कोरडा, घोगरा वाटला, तर इंजिन लगेच बंद करा.

मग सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारी बोटीच्या तळाची झडप, उघडा आहे ना, ते तपासा. मुंबई बंदरात तर हमखास प्लास्टिकची पिशवी अडकते, तेव्हा सीकॉक बंद करून त्याच्या पुढची पाण्याची गाळणी उघडा आणि साफ करा. तरीही पाणी येत नसेल तर पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, काढून बघा. त्याचं एखादं पातं तुटलेलं दिसलं तर नवा इम्पेलर बसवून भागत नाही. तुटलेला तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो, तो सापडेपर्यंत शोधा. सुटा इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट कायम बोटीवर असू द्या.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. इंजिन पटकन सुरू होत नसेल तर सीकॉक बंद करूनच स्टार्टर मारा. नाहीतर पंप पाणी ओढत राहतो, मफलर (एक्झॉस्टचा आवाज कमी करणारा डबा) भरतो आणि खारं पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन सुरू झालं की त्याच क्षणी सीकॉक उघडा. विसरू नये म्हणून मी त्याची दांडी हातातच धरून ठेवतो.