एसपीआय ०.९६ आणि हॉस्टेलला लिफ्ट नाही

बारा महिन्यांत संपवायच्या कामाच्या चौदाव्या महिन्यात, भर रिव्ह्यू मीटिंगमध्ये, मी संस्थेच्या ट्रस्टींना सांगितलं होतं, "सर, आपण बऱ्यापैकी रिकव्हर झालोय."

हे वाक्य परत एकदा वाचा. मला तेव्हा त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. समोर स्लाइडवर एसपीआय (झालेलं काम भागिले प्लॅनप्रमाणे व्हायला हवं होतं ते काम, दोन्ही रुपयांत) ०.९६ होता आणि शेजारचा चौकोन हिरवागार होता. ट्रस्टींमधले एक वयस्कर गृहस्थ, द्राक्षबागायतदार, त्यांना एसपीआयशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग पोरं राहायला कधी येतील?" मी म्हटलं, "महिन्याभरात." पोरं यायला अडीच महिने लागले.

प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून नव्याने साइटवर आलेल्यांसाठी हे लिहितोय. पीव्ही (प्लॅनप्रमाणे आजवर व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत), ईव्ही (प्रत्यक्ष झालेल्या कामाची किंमत), बेसलाइन, फ्लोट हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. नसतील तर एक रविवार पुरे. पण मी जिथे आपटलो तिथे जरा जास्तच रेंगाळणार आहे, त्याबद्दल आधीच माफी.

काम नाशिकच्या बाहेर, एका संस्थेचं हॉस्टेल, तळमजला अधिक पाच. मी कॉन्ट्रॅक्टरकडून. किंमत १० कोटी, मुदत १२ महिने, सुरुवात नोव्हेंबरात. हिशेबाला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केलेत, पण चाल तीच. प्लॅनप्रमाणे सहाव्या महिन्याअखेर ४२० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं ३३० चं. होळीला गावी गेलेली शटरिंगची गँग "पंधरा दिवसांत येतो" म्हणून गेली आणि पाच आठवड्यांनी उगवली. एसपीआय ०.७९. आठव्या महिन्याअखेर, म्हणजे जून संपताना, ६८० च्या जागी ४८५. एसपीआय ०.७१. लालभडक. हेड ऑफिसचे रोज फोन.

मग आकडा चढायला लागला. बाराव्या महिन्याअखेर १००० पैकी ८४५, म्हणजे ०.८५. चौदाव्याला ९६०, म्हणजे ०.९६. ग्राफ असा छान वर जाताना दिसला की माणसाला वाटतं, आपण काहीतरी करून दाखवलं. मी तर त्या ग्राफचा स्क्रीनशॉट घरी पाठवला होता.

आता नीट बघा. बारा महिने उलटले की पीव्ही १००० वर जाऊन थांबतो. त्याच्यापुढे त्याला जायला जागाच नाही. ईव्ही मात्र रखडत, खुरडत का होईना, वाढतच राहतो. छेद गोठलेला आणि अंश वाढतोय, मग भागाकार १ कडे जाणार नाही तर कुठे जाणार? काम चार महिने उशिरा संपो की चार वर्षं, शेवटच्या दिवशी १००० भागिले १०००, एसपीआय १.०० च येणार. शेड्यूल व्हेरियन्सही, म्हणजे ईव्ही वजा पीव्ही, शून्य. नाशिकहून निघालेली एसटी पुण्याला पाच तास उशिरा पोचली आणि कंडक्टर म्हणाला, "अख्खं अंतर कापलं की साहेब, एक किलोमीटर बाकी नाही," तर तुम्ही त्याला वेळेवर आला म्हणाल का? मी चौदा महिने तेच करत होतो. वेळ विचारली की रुपये सांगत होतो.

आणि हा घोळ शेवटच्या दिवशी एकदम होत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एस-कर्व्ह, म्हणजे प्लॅनमधल्या एकूण कामाचा महिन्यागणिक चढत जाणारा आलेख, वरच्या टोकाला सपाट होतो. प्लॅनमधली महिन्याची कामं लहान होत जातात, म्हणून मागे पडलेल्याला पुढचा जवळ वाटायला लागतो. साधारण शेवटच्या तिसऱ्या भागात शिरलात की रुपयांतल्या एसपीआयवर विश्वास ठेवू नका. "थोडा ठेवला तर चालेल का?" नाही चालणार.

ही पीव्ही-ईव्हीची पद्धत, म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू मॅनेजमेंट (ईव्हीएम), मुळात पैशाचा हिशेब ठेवायला आली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये कंत्राटदारांसाठी ३५ निकष घालून दिले, तिथून ती रुजली. खर्चाच्या बाजूने ती पक्की आहे. वेळेच्या बाजूची ही गळती बुजवायला वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये 'अर्न्ड शेड्यूल' मांडलं. ते ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर सॉफ्टवेअरच्या कामात होते. कल्पना इतकी सरळ आहे की वाचल्यावर मला स्वतःचाच राग आला: आज जेवढं काम झालंय, तेवढं प्लॅनप्रमाणे कधी व्हायला हवं होतं, ते शोधा. बस. उत्तर रुपयांत नाही, महिन्यांत येतं.

माझ्याच साइटवर लावून दाखवतो. चौदाव्या महिन्याअखेर ईव्ही ९६०. प्लॅनमध्ये ९६० कधी होते? अकराव्या महिन्याअखेर. म्हणजे आम्ही चौदा महिने घालवून अकरा महिन्यांचं काम केलं. ११ भागिले १४, ०.७९. हिरवा चौकोन कुठे आणि हे कुठे!

मधला महिना असेल तर त्रैराशिक करायचं. आठव्या महिन्याअखेर ईव्ही ४८५. प्लॅनमध्ये सहा महिन्यांअखेर ४२०, सातव्या महिन्याचं काम १३० चं. ४८५ मधून ४२० गेले, राहिले ६५. ६५ भागिले १३०, अर्धा महिना. म्हणजे ६.५ महिने. भागिले ८, आले ०.८१. बाराव्या महिन्याला असंच केलं की ९.५ महिने येतात, भागिले १२, ०.७९.

आता दोन ओळी शेजारी ठेवा. रुपयांचा एसपीआय: ०.७१, ०.८५, ०.९६. वेळेचा: ०.८१, ०.७९, ०.७९. मी ज्याला रिकव्हरी म्हणत होतो, त्या आठव्या ते बाराव्या महिन्यांत आम्ही चार महिन्यांत तीन महिन्यांचं काम केलं. पुढच्या दोन महिन्यांत दीड महिन्याचं. एकही दिवस भरून काढला नव्हता. दर महिन्याला आणखी आठवडाभर मागे पडत होतो आणि स्लाइड मात्र हिरवी होत होती.

अंदाजही यातूनच निघतो. मूळ मुदत भागिले वेळेचा एसपीआय. आठव्या महिन्याला १४.८ महिने, बाराव्याला १५.२, चौदाव्याला १५.३. म्हणजे जूनमध्येच, लाल चौकोनाच्या दिवसांत, मी ट्रस्टींना पावणेपंधरा महिने सांगू शकलो असतो. तेव्हा शिव्या खाल्ल्या असत्या, पण पोरांच्या राहण्याची दुसरी सोय करायला संस्थेला वेळ मिळाला असता.

घाबरू नका, याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये पीव्हीचा रकाना, एक मॅच, एक इंडेक्स, झालं. फक्त ती टेलिग्रामवर फिरणारी 'ईव्हीएम डॅशबोर्ड फायनल' नावाची फाइल उचलू नका. माझी तीच होती. तिच्यात ०.९५ च्या वर हिरवं कोणी आणि का ठरवलं, हे मी कधी विचारलंच नाही. दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्सबद्दलही माझं मत काही बरं नाही. तिथे सूत्रं पाठ करून घेतात, पण सूत्र कुठे आंधळं होतं ते सांगत नाहीत. कारण ते परीक्षेत येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, १५.३ चा अंदाज होता आणि काम संपलं साडेसोळाला, म्हणजे तुमचं अर्न्ड शेड्यूलही फसलंच की. बरोबर, फसलं. त्याचं कारण एका निळ्या ताडपत्रीखाली होतं.

लिफ्टची किंमत ४० लाख, आणि सामान साइटवर आलं की ७० टक्के बिल, अशी अट. तेराव्या महिन्यात खोकी आली. मी बिलाचेच टक्के ईव्हीत टाकले: २८ लाख कमावले. खोकी तळमजल्याच्या व्हरांड्यात रचून ठेवली होती, वॉचमन त्यांच्यावर बनियन वाळत घालायचा. लिफ्टच्या पिटमध्ये, पावसाळा सरून महिना झाला तरी, गुडघाभर पाणी होतं. पिटचं वॉटरप्रूफिंग साठेक हजारांचं काम, त्याचा माणूस दुसऱ्या साइटवर अडकलेला. तो येईपर्यंत ४० लाखांची लिफ्ट खोक्यात. सुपरवायझर तात्या दोनदा म्हणाले, "साहेब, तो खड्डा बघा आधी." मी म्हटलं, "तात्या, लिफ्ट सत्तर टक्के झालीये." तात्या गप्प बसले. त्यांची ती नजर मला अजून आठवते.

ते २८ लाख काढून टाकले तर चौदाव्या महिन्याचा ईव्ही ९३२ होतो, कमावलेला वेळ १०.६ महिने, आणि अंदाज जवळपास सोळा. उरलेला अर्धा महिना कुठे गेला? लिफ्ट बसवणं, तिचा परवाना, अग्निशमनचा अंतिम दाखला, भोगवटा. ही कामं एकामागून एक लागतात. रुपयांत यातल्या कागदांची किंमत किरकोळ, म्हणून ईव्हीला ते दिसतच नाहीत. शेवटच्या अडीच महिन्यांत आम्ही एका महिन्याचंच काम केलं, आणि त्यातले कित्येक दिवस फाइल कुठल्यातरी टेबलावर होती.

बेल्जियमच्या घेंट विद्यापीठातले मारियो व्हानहूके आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकावर असंख्य काल्पनिक प्रकल्प चालवून अंदाजाच्या पद्धती ताडून पाहिल्या. अर्न्ड शेड्यूल बाकीच्यांपेक्षा सरस ठरलं, पण साखळीसारख्या प्रकल्पात जास्त, आणि जिथे पुष्कळ कामं समांतर चालतात तिथे कमी. कारण समांतर कामांत, क्रिटिकल पाथवर, म्हणजे ज्या साखळीवर काम संपायची तारीख ठरते तिच्यावर, नसलेलं काम पुढे गेलं तरी आकडा सुधारतो. आमचं तेच झालं. पाच मजल्यांवर रंग आणि टाइल्स धडाक्यात, आणि खाली खड्ड्यात पाणी. म्हणून वेळेचा एसपीआय काढाच, पण क्रिटिकल पाथवरच्या कामांचा वेगळा काढा, आणि दर अपडेटला लाँगेस्ट पाथ, म्हणजे कामांची सर्वांत लांब साखळी, उघडून बघा. दोन्ही वेगळं बोलत असतील तर पाथवर विश्वास ठेवा.

टक्क्यांचं एक चटकन सांगून टाकतो. "प्लास्टर किती झालं?" या प्रश्नाचं उत्तर सलग तीन आठवडे "नव्वद टक्के" असतं. दोन आठवड्यांच्या आतली कामं शून्य किंवा शंभर. मोठ्या कामांना टप्पे आणि टप्प्यांना वजन: लिफ्टला माल आल्याचे फार तर १० टक्के, रेल उभ्या राहिल्या की पुढचे. प्रायमावेरा या शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पर्सेंट कम्प्लीटचा प्रकार 'ड्युरेशन' वर सोडू नका, 'फिजिकल' करा. नाहीतर उरलेले दिवस कमी करत नेले की काम न होताच टक्के वाढतात. आणि बिलिंगचे टक्के वेगळे ठेवा, प्रगतीचे वेगळे. अकाउंट्सवाले कुरकुरतील.

खरा चटका मात्र नंतर बसला. त्या साडेचार महिन्यांतला काही उशीर आमचा नव्हताच. टाइल्सची निवड करायला संस्थेने सात आठवडे घेतले होते, ईमेल आहेत. पण मुदतवाढीचा अर्ज केल्यावर उत्तराला जोडून काय आलं, तर चौदाव्या महिन्याच्या मीटिंगची मिनिट्स: 'कॉन्ट्रॅक्टरच्या प्लॅनिंग इंजिनिअरने काम रिकव्हर झाल्याचे सांगितले.' खाली माझी सही. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनीच मला शिकवलं होतं, "हिरवं दाखवलं की प्रश्न येत नाहीत." सहीच्या वेळी ते दुसऱ्या साइटवर होते. तेव्हापासून मी नवीन पोरांना सांगतो, ज्याच्या भिंतीवर सर्टिफिकेटं आहेत त्याच्यापेक्षा, ज्याने एकदा तरी मुदतवाढीच्या दाव्यात उलटतपासणी सोसलीये त्याच्या हाताखाली शिका. असे लोक खडूस असतात. असू देत.

तुमचा पहिला अंदाज चुकेल. दुसराही चुकेल. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तर हा आकडा इतका उड्या मारतो की तो वर पाठवण्यात अर्थच नसतो. मी वीसेक टक्के काम होईपर्यंत नुसता स्वतःच्या वहीत लिहितो. त्याने तुम्ही नालायक ठरत नाही. फक्त तारीख सांगताना एक तारीख सांगू नका, दोन सांगा: याच वेगाने गेलो तर ही, आणि अडलेली अमुक कामं या आठवड्यात सुटली तर ती.

सध्या चाकणजवळ एका गोदामाच्या कामावर आहे. मागच्या महिन्याअखेर रुपयांचा एसपीआय ०.९३, वेळेचा ०.८८, आणि रिपोर्टच्या पहिल्याच पानावर मी दोन्ही छापलेत, रंग न देता. नवे मॅनेजर म्हणाले, "हे दोन-दोन आकडे कशाला? लोक गोंधळतात." मी एसटीचं उदाहरण दिलं. त्यांना ते पटलेलं नाही. मंगळवारी परत बसायचंय.