पार्ट घ्यायला दुकानात येताना

हडपसरला आमचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं तेव्हा बजाज चेतकचा जमाना होता. काउंटरच्या मागे सगळीकडे चेतकच्याच केबल लटकलेल्या असायच्या. आता काउंटरवर मी असते. आमच्या रस्त्यावरची अशी दोन दुकानं बंद झाली, एकाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, दुसऱ्याच्या जागी केक मिळतो. जी दुकानं अजून उघडी आहेत, तिथून नेमका पार्ट आणि वाजवी भावात कसा घ्यायचा, ते सांगते.

पहिली गोष्ट, जुना पार्ट सोबत आणा. तुटला असला, काळा पडला असला तरी फडक्यात गुंडाळून आणा. गाडीचं नाव सांगून भागत नाही, कारण नाव तेच ठेवून कंपन्या आतलं सामान बदलतात. 1 एप्रिल 2020 ला बीएस-सिक्स हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम लागू झाला तेव्हा बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गाड्यांना थ्रॉटल केबलसुद्धा वेगळी लागू शकते. जुना पार्ट काढता येत नसेल तर आरसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यावरचा चॅसी नंबर आणि महिना-साल बघून आम्ही कॅटलॉगमध्ये शोधतो. नुसत्या पार्टचा फोटो पाठवायचा असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, म्हणजे माप तरी कळतं.

बेअरिंग आणि ऑइल सील (ऑइल बाहेर गळू न देणारी रबरी कडी) यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथं गिऱ्हाईक उगाच घाबरतं. चाकातून काढलेलं बेअरिंग रॉकेलनं पुसा. कडेवर 6301 असा चार आकडी नंबर दिसेल. शेवटच्या दोन आकड्यांवरून आतल्या भोकाचं माप कळतं. 01 म्हणजे 12 मिलिमीटर, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17. 04 पासून पुढे पाचानं गुणायचं, म्हणजे 04 ला 20. आता 6201 आणि 6301 या दोन्हींचं भोक 12 चंच आहे, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास 32 आणि दुसऱ्याचा 37. म्हणून चारही आकडे नीट वाचा. पुढे टूआरएस लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकण असतं, झेडझेड असेल तर पत्र्याचं. पुण्यातल्या पावसात पाण्यातून गाडी काढावीच लागते, म्हणून चाकाला मी रबरी झाकणाचंच देते.

ऑइल सीलवर 20 32 7 असे तीन आकडे असतात, आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी. नवं सील घेण्याआधी ते ज्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, बसतं त्यावर नखानं चाचपून बघा. नख अडकेल अशी खाच पडली असेल तर नवं सील घातलं तरी ऑइल गळणारच. मग मिस्त्रीला आधी शाफ्टचं बघायला सांगा. सीलचे पैसे वाया घालवू नका.

अशी सीलं माझ्याकडे खणभर आहेत. एकेक सील थोडक्या रुपयांचं, आणि काही खपायला वर्ष जातं. हा खण भरलेला राहतो तो इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक लायनर यांच्या जोरावर. या रोज खपणाऱ्या मालावर दुकानाचं भाडं निघतं. तोच माल लोक ऑनलाइन मागवायला लागले किंवा सर्व्हिस पॅकेजमध्ये शोरूमलाच घालून घ्यायला लागले, की पडून राहणाऱ्या मालात पैसे अडकवणं दुकानदाराला परवडत नाही. तो आधी सीलं ठेवायचं बंद करतो, मग केबल, आणि मग दुकान. त्यात इलेक्ट्रिक गाडीला ना प्लग, ना इंजिन ऑइल, ना क्लच वायर. म्हणून मनापासून सांगते, अडीअडचणीला लागणारं दुकान टिकायला हवं असेल तर ऑइलचा डबाही तिथूनच घ्या. भाव विचारा, घासाघीस करा, आमची ना नाही.

ऑइल घेताना डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए आहे की एमबी, ते वाचा. गिअरच्या मोटारसायकलला एमए किंवा एमएटू, कारण तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. बिनगिअरच्या स्कूटरला एमबी. ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा, मॅन्युअलमध्ये असेल तीच. प्लगच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉशमध्ये बरोबर उलटं. म्हणून ब्रँड बदलताना आकडा जुळवू नका, तक्ता बघायला सांगा. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकदमच बदला.

भाव विचारताना "कितीला?" एवढंच विचारू नका. गाडीच्या कंपनीचा, चांगल्या ब्रँडचा आणि लोकल असे तिन्ही भाव विचारा. ब्रेक, टायर, चाकाचं बेअरिंग आणि क्लच यात लोकल घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. आरसा, फूटरेस्टचं रबर, इंडिकेटरची काच यात लोकल चालतो. पाकिटावर एमआरपी, पार्ट नंबर आणि पॅकिंगचा महिना छापलेला हवा. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, त्यावर वेगळा मागितला तर देऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुना स्टॉक हाती आला तर भाव नक्की विचारा. पक्कं बिल घ्याच.

पार्ट बदलून हवा असेल तर पाकीट जपून फोडा आणि बसवण्याआधी जुन्याशेजारी धरून बघा. ग्रीस लागलेला पार्ट आम्हाला माल देणारे आमच्याकडून परत घेत नाहीत. रेग्युलेटर, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) असा इलेक्ट्रिकचा माल तर एकदा जोडला की कुणीच परत घेत नाही. आधी मिस्त्रीकडून मीटर लावून तपासून घ्या, मग या.

माझ्याकडे नसलेला माल मी पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारातून आणून देते, थोडा ॲडव्हान्स ठेवावा लागतो. स्वतः जाणार असाल तर चारचाकी नेऊ नका, गल्ल्यांत पार्किंगला जागा नसते. तिथं एकेक दुकान एकेका मालाचं असतं, कुणी नुसत्या केबलवाला, कुणी बॉडीचा माल ठेवणारा. एका ठिकाणी नसलं तर "मग कुणाकडे मिळेल?" असं विचारा, बहुतेक जण नीट पत्ता सांगतात. जुन्या स्कूटरची साइड पॅनलं, हँडलची कव्हरं असलं सामान बुधवारी आणि रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात चाळता येतं.

चेतक, एम-80, किनेटिक होंडा अजून चालवणाऱ्यांनी, केबल मिळाली की दोन घ्याव्यात. दुसरीत तेल सोडून, सैल गुंडाळून खिळ्याला टांगून ठेवा, घडी मात्र घालू नका. ऑइल सील आणि बाकीचे रबरी पार्ट लागतील तेवढेच घ्या, कारण रबर पाकिटातसुद्धा कडक होतं.